दुरुस्तीची वही

पहिल्यांदा आली तेव्हा असेल एकोणीस वर्षांची.
गिटार उशीच्या अभ्र्यात, पेटी घ्यायला पैसे नसणार.
मी लिहून घेतलं: डेल्फिया स्टिडम,
वरच्या खोऱ्यातली. मान सैल. चीर एक. दोन डॉलर.
बाप खाणीत, हे ती बोलली नाही.
अभ्रा झटकला तेव्हा माझ्या बाकावर
काळी बारीक भुकटी पडली, ती बोलली.

वाद्याच्या पोटात हात घालणाऱ्यानं
जे लागेल ते स्वतःच्या पोटात ठेवायचं असतं.
मला लागलं खुळखुळ्या सापाचं शेपूट.
आमच्या केंटकीच्या डोंगरात जुने फिडलवाले ठेवायचे,
ओल धरत नाही म्हणे, उंदीर फिरकत नाही.
"आजोबांचं आहे. परत ठेवा."
ठेवलं.

दोन डॉलर नव्हतेच.
तिनं उभ्याउभ्या एक गाणं म्हटलं, स्वतः रचलेलं,
बापाच्या डब्यावर:
तळाला पाणी, वर मक्याची भाकरी,
आणि रोज संध्याकाळी पोरांसाठी
मुद्दाम न खाल्लेला एक घास,
दिवसभर जमिनीखाली राहून आलेला.
मी रंधा खाली ठेवला.
वहीत लिहिलं, हिशेब चुकता.

मधली वर्षं या वहीत नाहीत.
ती मी ऐकली, तेलाचे हात पुसत:
पहाटे पाचला रेडिओवर, बियाणांच्या जाहिरातीनंतर,
जत्रेत, डुकरांच्या बक्षीस समारंभाआधी,
संपाच्या वेळी खाणीच्या फाटकावर, फुकट.
मग नॅशव्हिल.
मग तिचं गाणं, पण गळा दुसऱ्याच कुणाचा,
आणि घासाच्या जागी आईचा मुका.
घास लोकांना कळणार नाही, असं ठरलं होतं कुठल्याशा खोलीत.
लोकांना मुका कळला. सबंध देशाला कळला.

दुसऱ्यांदा आली ती लांब गाडीतून.
नवरा गाडीतच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून.
मानेवर आता शिंपल्यात कोरलेलं नाव,
आणि कुशीला भोक.
"जिन्यावरून पडली," ती म्हणाली.
जिन्याला बोटांची पेरं नसतात.
मी लाकडाकडे बघत राहिलो,
तिच्या बाहीकडे बघायला नको म्हणून.

पाठ उघडली होती.
तिनं माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली
आणि जी ओळ तिला पाठ होती
ती गिटारीच्या पाठीवर, आतून, लिहिली.
"आता बंद करा."
सरस सुकेपर्यंत थांबली नाही. हॉर्न वाजत होता.

नंतर पोस्टानं पैसे आले, सांगितल्याच्या दुप्पट.
मग कळलं, नवरा सोडला.
मग तीन तबकड्या, स्वतःच्या नावावर,
तिसरी कुणी घेतली नाही; माझ्याकडे दोन प्रती आहेत.
मग गळ्याचं ऑपरेशन,
मग शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी,
तिथे मुलं तिला सूपवाली म्हणत.

या जुलैत पूर आला.
तिसऱ्यांदा आली नातीबरोबर,
गिटार पुन्हा उशीच्या अभ्र्यात.
लाकूड फुगलेलं, सांधे सुटलेले,
पाठ मी उघडावी लागली नाही, हातात आली.
चिखल. शेपूट तसंच.
आणि शिशाची ओळ. पाण्याला शिसं पुसता येत नाही.

नात मोठ्यानं वाचायला लागली, थांबली, हसली.
"आजी, इथे एक अक्षर कमी आहे."
डेल्फिया वाकून बघत राहिली,
चष्मा कपाळावरच विसरून.
मग त्या खरखरीत उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली,
"राहू दे. तेवढं कुणाला तरी उरू दे."

ही आता वाजायची नाही, मी सांगितलं.
तिनं मान हलवली, आणि किती होतील ते विचारलं.
नाव, तारीख लिहून झाली आहे.
रकमेच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून
बसलो आहे मघापासून.